मेरीचं कपाळ

मोहनराव सरांनी रेश्माला ते छापील चित्र दिलं तेव्हाच बजावलं होतं, की चेहऱ्याला हात घालायची घाई करायची नाही. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा चित्रकाराने काढलेली ती येशूची आई, मेरी. अंगावर निळं वस्त्र, मांडीवर लेकरू. तिची तैलरंगात हुबेहूब प्रत करायची. आधी सगळं तपकिरी रंगात उभं करायचं, मग वर पातळ थरावर थर. प्रत जमली तर सरांच्या बारामतीच्या क्लासमधला लहान मुलांचा वर्ग रेश्माला मिळणार होता. नवरा जाऊन तीन वर्षं झालेल्या आणि निरवांगीत सासूच्या नजरेखाली भाकरी खाणाऱ्या बाईला याहून मोठं काय हवं?

चार महिने ती मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीने बारामतीला गेली. बाकीचे दिवस आतल्या खोलीत जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. सासू कुशाबाई नाक मुरडायची. "जवसाची चटणी करायची सोडून त्याल फासत बसती फडक्याला." रेश्मा ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण गिळलेला राग काही पचत नाही, तो पोटातच साठत होता.

कपाळाचा शेवटचा थर शनिवारी बसला. हा रंग वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत आठ-आठ दिवस ओला राहतो. मंगळवारी चित्र सरांना दाखवायचं होतं, आणि रविवारीच कुशाबाईने संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं.

"रेशमे, बायका येत्यात. तू मागं कपबश्या इसळत बस. म्होरं येऊ नगंस."

रेश्मा मागच्या अंगणात गेली. हळदीकुंकवाला विधवा चालत नाही, पण वीस जणींच्या कपबश्या विधवेने विसळलेल्या चालतात.

तासाभराने ती घरात आली, तर बायकांचा घोळका आतल्या खोलीत. चित्र पाटावर मांडलेलं. मेरीच्या कपाळावर मधोमध कुंकू, रुपयाएवढं, ओल्या रंगात रुतलेलं. थोडं नाकावरही सांडलं होतं.

"कुणी लावलं?"

"मी," कुशाबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि तेच रेश्माला जास्त झोंबलं. "लेकुरवाळी बाई, आन कपाळ मोकळं. सणाच्या दिशी बरं दिसतंय व्हय?"

"तिचा नवरा जित्ता हाय का, इचारलं कुणाला?"

"चित्राला काय इचारायचं गं?"

रेश्माच्या डोक्यात तिडीक गेली. जी बाई घरच्या सुनेला म्होरं येऊ देत नाही, तिने कुठल्या परमुलखातल्या बाईला न विचारता सवाष्ण करून टाकलं होतं. वर चार महिन्यांची मेहनत मातीत घातली होती. लाल रंग आत झिरपला तर कपाळ गेलं, आणि कपाळ गेलं की वर्ग गेला. तिने फडकं घेतलं, टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि चित्रापुढे बसली.

"अगं, सवाष्णीचं कुंकू पुसतीस?" शेजारची सिंधुबाई पुटपुटली.

कुशाबाईने पुढे होऊन रेश्माचं मनगट धरलं. "पुसायचं न्हाय. घराला लागंल."

रेश्माने त्या हाताकडे पाहिलं. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"सोडा आत्या. त्यांना घरी आणलं त्या दिशी, ह्याच हातानं तुमी माझं पुसलं. तवा मीबी तुमचा हात असाच धरला हुता. तुमी झटाकला."

कुशाबाईची बोटं सैल पडली. रेश्माने सगळ्यांच्या देखत कपाळ पुसलं, खालचा वाळलेला थर लागेपर्यंत, शेवटचा लाल कण निघेपर्यंत. मग रंगांची पेटी ओढून ती कातडीचा रंग मिसळू लागली. बायका वाण न घेताच एकेक करून निघून गेल्या. कुशाबाई मात्र खिडकीपाशी तशीच उभी होती.

"सरका," रेश्मा मान वर न करता म्हणाली, "उजिड अडतोय माझा."