कातळावरून आलेली तक्रार

प्रमोदिनी कर्णिक कर्जतला दहिवलीत राहते. सकाळी ती घरूनच एका कंपनीचं काम करते आणि दुपारनंतर 'गवंडी'चं. गवंडी हे सगळ्यांना फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर. प्रोग्रामर शेकडो फायलींमध्ये तुकड्यातुकड्याने लिहितात, ते तुकडे नीट रचून त्यातून चालता प्रोग्राम उभा करायचं काम गवंडी करतो. हे रचकाम कुठवर आलं, कुठे अडलं, हे ब्राउझरमध्ये दाखवणारं एक पान होतं. ते जुनं झालं होतं, आणि नवं पान तयार करून घ्यायची जबाबदारी प्रमोदिनीने अंगावर घेतली होती.

कोड लिहिणारे दुसरे होते. नागपूरचा मिहीर, ब्राझीलचा एकजण, अजून चार-पाच, सगळे आपापल्या वेळात मोफत राबणारे. कुणी काय करायचं, कोण अडलंय, कुणाला गोडीने नाही म्हणायचं, हे प्रमोदिनी बघायची. नवं पान चाचणीसाठी पावसाळ्यापासूनच सगळ्यांना खुलं होतं; तीस नोव्हेंबरला ते रीतसर जगासमोर यायचं ठरलं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर तिच्या मावसबहिणीने कळंबजवळच्या एका फार्महाऊसवर सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं आटोपली आणि वीज गेली, तिच्याबरोबर वायफायही. तेवढ्यात मिहीरचा फोन आला.

"ताई, सकाळचं रचकाम मध्येच पडलंय. लॉगच्या शेवटी काय लिहिलंय ते बघून सांगता का? मी प्रवासात आहे."

लॉग म्हणजे प्रत्येक टप्प्याला काय घडलं याच्या ओळीच ओळी. प्रमोदिनीने फोनवर पान उघडलं. रेंजची एकच काडी होती. चाक फिरत राहिलं. ती आंब्याखाली गेली, मग फाटकापाशी, मग पार रस्त्यावर. वीस मिनिटं झाली तरी चाक फिरतच होतं. आपणच करून घेतलेलं पान आपल्यालाच उघडेना, याचं तिला आधी हसू आलं. मग आठवलं, असंच काहीतरी कुणीतरी लिहिलं होतं.

घरी आल्यावर तिने शोधलं. ऑगस्टमधली तक्रार होती: 'पान उघडत नाही, नुसतं फिरत राहतं.' पाठवणारी रोहिणी पारधी. खाली प्रमोदिनीचंच उत्तर होतं: 'आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. तुमच्या नेटवर्कचा प्रश्न असावा. तक्रार बंद करते आहे.'

बंद केलेल्या तक्रारीकडे ती पुन्हा फिरकली नव्हती. त्यामुळे त्याखाली रोहिणीने आणखी तीनदा लिहिलंय, हे तिला आज कळलं. पहिल्यांदा नुसतं 'ठीक आहे मॅडम, आभारी आहे.' आठवड्याने मोजमाप: पान उघडताना अख्खा लॉग एकदम ओढला जातो, म्हणून अडतं. मग सप्टेंबरात उपाय: शेवटच्या दोनशे ओळी आधी पाठवाव्यात, बाकीच्या मागितल्या तरच, चूक बहुतेक वेळा शेवटीच असते. आणि त्याच्याच शेवटी, 'जानेवारीत तुम्ही आमच्या कॉलेजात आला होतात. काही चुकलं तर आम्हाला कळवा, असं म्हणाला होतात, म्हणून लिहिलं.'

प्रमोदिनीने तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं: 'रोहिणी, चूक माझी होती. मी न बघताच उत्तर दिलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. तुला भेटायला येऊ का?'

रविवारी ती स्कूटरवरून निघाली. कळंबच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी होती. रोहिणी रस्त्यापर्यंत घ्यायला आली. बी.एस्सी. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची, कमी बोलणारी मुलगी. अंगणात भाताचा पेंढा रचून ठेवला होता. तिची आई सोमी हिने घोंगडी अंथरली आणि कोरा चहा आणून दिला.

"ही रोज त्या वरच्या कातळावर जाऊन बसती," सोमी म्हणाली. "मला वाटायचं, कुनाशी बोलत असंल. इचारलं तर म्हनं, काम करत्ये. आता कातळावर कसलं काम गं?"

"आये, तिथंच रेंज हाय," रोहिणी म्हणाली.

दोघी कातळावर गेल्या. रोहिणीने जुना लॅपटॉप उघडून प्रमोदिनीला दाखवलं. उपाय तिने नुसता सुचवला नव्हता, स्वतःपुरता करूनही ठेवला होता. तिच्या पानावर शेवटच्या ओळी चार-पाच सेकंदांत आल्या.

"हे पाठवलं का नाहीस?"

"तक्रार बंद झाली होती मॅडम. वाटलं, तुमाला नको असेल."

प्रमोदिनी म्हणाली, "आम्हाला हवंय. आणि तूही हवी आहेस."

पण गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. सगळ्यांच्या बैठकीत ब्राझीलवाल्याने विचारलं, तारीख तोंडावर आली असताना नवं काही कशाला घ्यायचं? पुढच्या खेपेला घेऊ. त्याचंही चूक नव्हतं. रोहिणीच्या बदलाने लॉगमध्ये शब्द शोधायची सोय मोडत होती. पानावर नसलेल्या ओळींत शोधणार कसं? प्रमोदिनीने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की ही तक्रार ऑगस्टपासून पडून आहे ती तिच्यामुळे, आणि म्हणून तारीख बारा दिवस पुढे ढकलण्याचा दोषही तिचाच धरावा. कुणी वाद घातला नाही. मिहीर म्हणाला, शोधायचं मी बघतो, रोहिणी सोबत असेल तर.

दोघांनी मिळून ते केलं. रोहिणी कातळावरून, मिहीर नागपूरहून. मिहीर एका वाक्यात सांगण्यासारखं चार वाक्यांत सांगायचा आणि रोहिणी चार वाक्यांचं काम 'हो'मध्ये उरकायची, म्हणून पहिले दोन दिवस प्रमोदिनीला मध्ये बसावं लागलं. नंतर लागलं नाही.

बारा डिसेंबरला नवं पान आलं. पहिल्या आठवड्यातच पत्रं आली. एकाने लिहिलं होतं, मी जहाजावर नोकरी करतो, हे पान समुद्रात पहिल्यांदाच उघडलं. एक बाई दूरच्या कुठल्या डोंगरी गावातून नुसतं 'धन्यवाद' म्हणत होती. प्रमोदिनीने ती सगळी पत्रं रोहिणीकडे पाठवली आणि वर लिहिलं, 'ही तुझी आहेत.'

पानासोबतच्या निवेदनात तिने कामाची हकिगत लिहिली होती. आपण तक्रार न वाचता बंद केली, रोहिणी पारधीने तरीही ती सोडली नाही, आणि आम्ही सगळे तिचे ऋणी आहोत, असं. रोहिणीने ते आईला मराठीत वाचून दाखवलं.

"म्हंजे आपलं चुकलं, असं त्या बायनं सगळ्यांम्होरं लिवलं?" सोमीने विचारलं.

"हां."

सोमी जरा वेळ तांदूळ पाखडत राहिली. "पुन्यांदा येतील तवा जेवूनच जायला सांग," ती म्हणाली.

जानेवारीत प्रमोदिनी जेवून आली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. निघताना तिने विचारलं, नव्या येणाऱ्या तक्रारी आधी रोहिणी बघेल का? रोहिणीने विचार करायला दोन दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी हो कळवलं.

पहिली तक्रार अगदी मोघम होती: 'चालत नाही.' प्रमोदिनीने मुद्दाम हात लावला नाही. अर्ध्या तासाने रोहिणीचं उत्तर आलं: 'तुमच्याकडे काय दिसतं, त्याचा फोटो पाठवाल का? घाई नाही. मी इथे आहे.'

प्रमोदिनीने ते वाचलं आणि बऱ्याच महिन्यांनी दुपारीच कॉम्प्युटर बंद करून ती उल्हास नदीच्या काठाने फिरून आली.