ज्यानं पाहिलं नाही, त्यानं लिहायचं

“ताई, खरं सांगा, नर्सबाईंना तुम्ही काही पाठवलंत?” फोनवर मास्तरांचा आवाज अगदी खाली आला होता.

ताईने डोळे मिटले. “पाठवलं. माझ्या जुन्या लिखाणातल्या तीन ओळी. त्यांचं जोडाक्षरांपाशी अडत होतं हो. राहवलं नाही.”



पडद्यावरचा मजकूर अंधांना मोठ्याने वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम मास्तर, ताई अशा हौशी मंडळींनी मिळून, फुकट वाटायला म्हणून लिहिला होता. त्यातला उच्चारांचा भाग ताईचा. ती तेव्हा एका कंपनीत नोकरीला होती. घरी बसून लिहिलंत तरी ते आमच्याच मालकीचं, अशी नोटीस आता कंपनीने धाडली होती. वकील लावायची कुणाची ऐपत नव्हती. मंडळींनी ताईचा भाग काढून टाकला आणि नवा लिहायचं ठरवलं. अट एकच: ताईचं लिखाण ज्याने कधी पाहिलं नाही, त्यानेच लिहायचं. काय व्हायला हवं एवढं ताईने सांगायचं. कसं, ते नाही. रुग्णालयातल्या नर्सबाई ड्यूटी सांभाळून लिहीत होत्या. काम संपतच आलं होतं.

“म्हणजे तेही गेलं,” मास्तर म्हणाले. मग चाचरत, “तसं हे कळलंय कुणाला? आपण तिघंच. पोटात ठेवू.”

ताईने शेजारी बसलेल्या भावाकडे, दादाकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. कोर्टातल्या जबान्या ऐकून टाइप करायच्या आणि या प्रोग्रॅमकडून वाचून घेऊन तपासायच्या, ही त्याची नोकरी. नोटिशीला भिऊन ऑफिसने प्रोग्रॅम काढला होता. महिनाअखेर नवा आला नाही, तर त्याच्या जागी दुसरा माणूस.

“अशी बघू नकोस,” दादा म्हणाला. “डोळे नाहीत मला, कान आहेत. सांगून टाक सगळ्यांना.”

“आणि तुझी नोकरी?”

“उद्या कंपनीला कळलं तर अख्खा प्रोग्रॅम बंद पाडतील. माझ्यासारखे कितीजण त्याच्यावर अवलंबून आहेत, चिमे?”

“मीच लिहिलेलं, दादा!” तिचा आवाज फाटला. “माझंच मला आठवायचीही चोरी? देवा, कुणाचं काय वाईट केलं मी!”

दादा तिच्याजवळ सरकला. तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

तिने सगळ्यांना लिहिलं. दुपारी मास्तरांचा निरोप आला: नर्सबाईंनी केलेलं सगळं पुसलं. नवं माणूस शोधतोय. मिळेल तेव्हा मिळेल.

महिनाअखेरीस दादाने घरच्या कळफलकावर राजीनामा टाइप केला. कुणी काढायच्या आत आपणच उठावं, म्हणाला.

“वाच गं.”

ताईने सावकाश वाचलं. मध्येच थांबली.

“काय झालं?”

“एक वेलांटी चुकलीय.”

“कुठे?” तो खुर्चीत ताठ बसला, बोटं पुन्हा कळांवर ठेवली. “दुरुस्त करू. माझ्या हातचा कागद आहे, नीट जायला हवा.”