समुद्रातलं नाव

२०१४ सालची गोष्ट. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून अक्का निवृत्त झाली होती आणि तिचा धाकटा भाऊ बाळ्या, केस पिकले तरी बाळ्याच, एका कंपनीसाठी संगणकावर नकाशे उमटवणारी नवी भाषा रचत होता. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत.

"या भाषेत रेघ कशी ओढायची ते सांगायचंच नाही," बाळ्या म्हणाला. "काय दिसायला हवं तेवढं सांगायचं. बाकीचं ग्राफिक्स कार्ड बघून घेतं."

"आमच्या साहेबांसारखं. हुकूम सोडायचा आणि चहाला जायचं."

पण काय दिसायला हवं हे बाळ्याला कुठं ठाऊक होतं? ते अक्काच्या हाडीमांसी खिळलेलं. नदी पुलाखालून जावी, टेकड्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडाव्यात, दोन नावं एकमेकांवर आली तर कमी महत्त्वाच्या नावानं माघार घ्यावी. ती सांगत गेली, तो नियम लिहीत गेला. भाषा उभी राहिली.

अक्कानं एकच मागितलं. जुन्या कचेरीत रिवाज होता: नकाशा काढणाऱ्यानं समुद्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव घालायचं. तिला मात्र साहेबांनी कधी घालू दिलं नव्हतं.

"या भाषेतल्या पहिल्या नकाशावर घालशील?"

"हे काय विचारणं झालं, अक्का?"

उद्घाटनाला ती ठेवणीतले कपडे घालून गेली. पडद्यावर नकाशा झरझर उमटला, टाळ्या पडल्या. समुद्राच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव होतं, त्याखाली बाळ्याचं. संपलं. भावजयीनंही मान पुढे करून शोधलं आणि मग वन्संकडे बघायचं टाळलं.

अक्कानं भावाला जेवणाच्या टेबलापाशी गाठलं. "विसरलास?"

"नाही गं, घातलंय. पण कोपऱ्यात जागा पुरली नाही. नावं एकमेकांवर आली, मग..." तो हसला. "नियम तुझाच की."

"आणि कुणाचं महत्त्व किती, ते कुणी लिहिलं?"

त्यानं बशी खाली ठेवली. "कंपनीला वर ठेवावंच लागतं. राहिलो आपण दोघं. माझी नोकरी आहे, अक्का. तुला आता काय फरक पडतो?"

"एक ओळ बदलायची आहे, बाळ्या."

"उद्या बघतो."

तो उद्या काही उजाडला नाही.

भाषा चालली. बाळ्या विभागप्रमुख झाला, मोठ्या घरात राहायला गेला. अक्कानं भांडण केलं नाही; ती त्याच्याशी अहो-जाहोनं बोलू लागली. "बसा. चहा घेणार का?" त्याला ते अजून टोचतं. पुढं त्यानं येणंच सोडलं.

भावजय मात्र येत राहिली, नवऱ्याला न सांगता. अक्काची दृष्टी गेल्यावर ती शेजारी बसून तो नकाशा उघडायची आणि समुद्राचा कोपरा मोठा करत न्यायची. किनारा गेला, कंपनी गेली, नवराही पडद्याबाहेर गेला, की मोकळ्या निळ्या जागेत अक्काचं नाव उमटायचं.

"आलं का गं?"

"आलं, वन्सं."

"आजूबाजूला काय दिसतंय?"

"काही नाही. नुसतं पाणी."