कोपऱ्यातली गौर

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळात गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेचं पहिलं बक्षीस म्हणजे माझं, हे ठरलेलंच होतं. यंदा सेक्रेटरी बळवंतराव गोड हसून म्हणाले, "प्रमोदिनीताई, आता तुम्ही परीक्षक व्हा. बाकीच्यांनाही चान्स मिळू दे." म्हणजे मानाने हातात नारळ दिला.

तरी मी हॉलच्या दाराशी स्पर्धेबाहेरची एक काढलीच. पैठणीतली बाई, हातात समई. पदरावरचे मोर काढता काढता माझ्या कंबरेचा पार काटा ढिला झाला. येणारा प्रत्येक जण "वा, हुबेहूब!" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. पुढे म्हणजे कुठे, तर कोपऱ्यात, कुमुदच्या रांगोळीपाशी. तिथे मात्र पाय खिळत होते.

कुमुद ही अविनाशची बायको. अविनाश इथे मंत्रालयात असिस्टंट आहे, आणि ती लग्न होऊन नुकतीच नागपूरहून आलेली. तिला धड रेघ ओढता येत नाही. हे मी जळून म्हणत नाही. बरं, जळूनच म्हणते, पण रेघ खरंच वाकडी होती.

तिने गौर काढली होती. नथ, शालू, कपाळभर कुंकू, सगळं होतं. पण मखर रिकामं. गौर लांब कोपऱ्यात, आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसल्या पानिपतच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कांबळ्यावर, गुडघे जवळ घेऊन बसलेली. शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. देवीच महिन्याची अडचण येऊन बाजूला बसली होती आणि तिकडे तिच्याच पूजेची तयारी चालली होती.

मला एका नजरेत कळलं, तरी मी तिथून हलले नाही. सासरच्या माझ्या पहिल्या गौरीला मी अशीच बसले होते, आतून येणारा पुरणाचा वास घेत. इतकी वर्षं रांगोळ्या काढल्या, पण हे काढावंसं मला एकदाही वाटलं नाही आणि या कालच्या पोरीला वाटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बायका बघत उभ्या होत्या. तेवढ्यात करोल बागेतले शशिकांतकाका आले. रिटायर्ड अंडर सेक्रेटरी, आवाज अजून ऑफिसातलाच.

"ये क्या बकवास है? देवीला विटाळ दाखवता? कलम दोनशे पंचाण्णव-अ ठाऊक आहे का? धार्मिक भावना दुखावल्या म्हणून आत्ता ठाण्यात जाऊन एफआयआर करतो."

अविनाशचा चेहरा पांढराफटक पडला. सरकारी नोकरी, त्यात बायकोवर पोलीस केस. बळवंतराव हात जोडत मध्ये पडले. "काका, बसा तर खरं. परीक्षक काय म्हणतात ते ऐकू. ताई, तुमचा शब्द शेवटचा. अपमान आहे म्हणालात तर लगेच पुसून घेतो."

बघा, ताट वाढून समोर आलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मी दाराकडे पाहिलं, तर एक हिंदी पेपरवाला कॅमेरा सरसावून आत येत होता. पुसली तर उद्या फोटो, परवा वाद, सगळ्या दिल्लीत कुमुद, कुमुद! माझ्या समईवाल्या बाईला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. नाही, हिला हुतात्मा होऊ द्यायचं नाही.

"अपमान कसला, काका?" मी हसून म्हटलं. "गौर माहेरी आलीय. प्रवासाने दमलीय बिचारी. मखरात बसण्याआधी घटकाभर टेकलीय, वहिनीने ताट दिलंय. किती गोड कल्पना!"

शशिकांतकाकांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "अच्छा, अच्छा. माहेरवाशीण! मग तसं लिहा ना खाली." त्यांनी चक्क नमस्कार केला. बळवंतरावांनी लगबगीने पुठ्ठ्यावर 'माहेरी विसावलेली गौर' असं लिहून रांगोळीपाशी ठेवलं. पेपरवाल्याने कॅमेरा खाली घेतला. माझ्या जिवाला गार वाटलं.

"हो ना, वहिनी? हेच दाखवायचं होतं ना?" बळवंतरावांनी कुमुदला विचारलं.

"हो म्हण ना यार," अविनाश हलकेच म्हणाला.

कुमुद माझ्याजवळ आली. "ताई, तुम्हाला कळली होती ना ती?"

"काय कळायचंय त्यात?"

"कळली होती. तुम्ही इतका वेळ तिच्यासमोर उभ्या होतात. मला वाटलं, पुसायला लावतील, पण कुणी तिला खोटं तरी पाडणार नाही."

मी पदर सारखा केला. दुसरं काय करणार?

तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. "वहिनी, अहो, आता काही प्रॉब्लेम नाहीये!" बळवंतराव ओरडले. तिने आधी तो पुठ्ठा बाजूला ठेवला आणि मग कांबळ्यापासून पुसायला सुरुवात केली. पट्टे गेले, ताट गेलं, गुडघे गेले. चेहरा तिने सगळ्यात शेवटी पुसला. बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला. पेपरवाल्याने एकही फोटो काढला नाही. माझा बेत पार पडला होता.

तिची रांगोळी बघून मला जितका हेवा वाटला नव्हता, तितका तिला केरसुणी फिरवताना बघून वाटला. माझ्या समईवाल्या बाईसाठी मी कुणाशी भांडले नसते. तिच्याखाली कुणी काहीही लिहिलं असतं, तरी मी हसून 'हो' म्हटलं असतं.