सूत मारलेली भिंत

गावात शिरताना पाटीवर ‘सहर्ष स्वागत’ असतं. बाहेर पडताना त्याच पाटीच्या पाठीवर ‘धन्यवाद’.

लाल टिकल्यांचं पाकीट. कपाळाला लावायच्या नाहीत.

सुतळी गेरूत भिजवायची, भिंतीवर ताणायची, मधोमध चिमटीत धरून सोडून द्यायची. तांबडी सरळ रेघ उठते. याला सूत मारणं म्हणतात. या रेघेला अक्षरं टांगायची. वर शिरोरेघ आली की ही रेघ कायमची झाकली जाते.

प्लायवूडचा तुकडा, पांढरा रंगवलेला. त्यावर एकच अक्षर: ये.

“ताई, हे अर्धंच राह्यलं का?”

विचारणारे बद्रीनाथशेठ होते. जालन्यात त्यांचं बियाण्याचं दुकान. दैवशालाला चित्रांच्या प्रदर्शनासाठी शाळेचा हा हॉल त्यांच्याच ओळखीने मिळाला होता, म्हणून ते शेवटच्या दिवशी आवर्जून आले होते. समोरच्या चित्रात चुना दिलेली भिंत होती, तिच्यावर आडवी तांबडी रेघ, आणि खाली कोपऱ्यात शिडीची सावली. बाकी काही नाही.

“न्हाई, पूर्ण आहे,” दैवशाला म्हणाली. हेच उत्तर देऊन देऊन तिचा आवाज सपाट झाला होता.

“मंग तिथं काय लिहायचंय?”

“काहीच न्हाई.”

“कोरी भिंत कोन घेईन ताई? माझ्या गोदामाला हायेत की चार.” ते स्वतःच हसले आणि शेजारच्या बैलांच्या चित्राकडे वळले. “हे बाकी एक नंबर. फोटो काढू का? फ्लेक्सवर मोठा मारून घेतो. दुकानात लावतो. खाली तुमचं नाव टाकतो, बिलकुल.”

“काढा.”

टेबलावर टिकल्यांचं पाकीट होतं. विकल्या गेलेल्या चित्राच्या चिठ्ठीवर लाल ठिपका चिकटवतात, हे तिने कॉलेजात असताना पाहिलं होतं. तसले ठिपके जालन्यात मिळाले नाहीत, म्हणून टिकल्या. पाकीट फोडायची वेळ आली नव्हती.

दारात शिडीवर धम्मपाल पेंटर उभा होता. प्रदर्शनाचं कापड उतरवून घेत होता. दैवशालाला फ्लेक्स नको होता, म्हणून अंबडहून त्याला बोलावून तिने ते कापड हाताने लिहून घेतलं होतं. चित्रांखालच्या चिठ्ठ्याही त्याच्याच अक्षरात होत्या. नाव, आकार, किंमत. कापडाची घडी काखेत घेऊन तो आत आला आणि थेट कोऱ्या भिंतीसमोर जाऊन थांबला.

“काका, रंग घेऊन जा तुमी,” मागून दैवशाला म्हणाली. “पेटीभर हायेत. वाळून जातील उगं.”

“का बरं?”

“सोमवारपासून कंपनीत जाऊन राह्यले. एमआयडीसीत. बियाण्याच्या पाकिटांचं हापिसातलं काम. मी शिकवत होते त्या शाळेनं तर चित्रकलेचा तासच बंद केला. चित्राची खोलीबी सोडून देते महिन्याअखेर.”

“अन् ही चित्रं?”

“कोनाला पाहिजे त्याला देऊन टाकते. तुमाला कोणतं?”

धम्मपालने मान न वळवता समोर बोट केलं.

“वाटलंच मला,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

“फुकट?”

“मंग तुमच्याकडून पैशे घेऊ का? पेंटर पेंटरकडून पैशे घेतो का कधी?”

हा नियम त्याचाच. अंबडच्या सगळ्या पेंटरांचा. एकाच्या मोटारसायकलचा नंबर दुसऱ्याने लिहायचा, एकाच्या पोरीच्या लग्नात दाराशी नाव दुसऱ्याने काढायचं, वर चहा प्यायचा आणि निघायचं. पैशाचं नाव काढलं तर अपमान. धम्मपालने हा नियम जन्मभर अभिमानाने पाळला होता. त्यामुळे अंबडच्या एकाही पेंटरच्या घरात दुसऱ्या पेंटरकडून विकत घेतलेलं काहीही नव्हतं. पुढे फ्लेक्स आला. गिऱ्हाइकं म्हणू लागली, हाताच्या कामाला एवढे पैसे कशाला? तेव्हा पेंटरांना उत्तर सुचलं नाही. हाताच्या कामाला पैसे नसतात हे इतकी वर्षं तेच तर एकमेकांना सांगत आले होते.

हे सगळं त्याला आज सुचलं नव्हतं. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या लिहून घरी गेला, तेव्हापासून सुचत होतं.

*

त्या दिवशी घरी जाऊन त्याने अंगणात प्लायवूडचा तुकडा मांडला. पांढरा मारला. वाळू दिला. सूत मारलं. रेघ सुरेख उठली. आता फक्त कोपऱ्यात शिडीची सावली काढायची आणि थांबायचं.

“काय करून राह्यले?” भाकरी थापता थापता कौसल्येने आतून विचारलं.

“चित्र.”

“कशाचं?”

तो उत्तर देईपर्यंत हाताने ब्रश उचलला होता. रेघ दिसली की हात जातोच. जन्मभर गेलेला. पीठ झटकत कौसल्या बाहेर आली, तेव्हा रेघेला एक अक्षर टांगलेलं होतं.

“ये?” तिने वाचलं. “कोनाला बोलावून राह्यले?”

त्याने अक्षरावर पांढरा फिरवला, पुन्हा वाळवला, पुन्हा सूत मारलं. पुन्हा हात गेला. पुन्हा ये.

“बरं येते,” कौसल्या म्हणाली, “पन आधी जेवून घ्या.”

तो तुकडा आता पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होता.

*

“एक सांग,” हॉलमध्ये धम्मपाल दैवशालाला म्हणाला. चित्राच्या इतका जवळ गेला की त्याच्या नाकाला गेरू लागेल असं वाटावं. “ह्या दोन रेघा हायेत. खालची पुसट.”

“हो.”

“एकट्यानं सूत मारायचं तर एक टोक खिळ्याला बांधावं लागतं. पहिलं मारलं की जरा झोळ येतो. मंग दुसरं मारावं लागतं.”

“तुमचीच भिंत आहे काका.”

त्याने मान वळवली.

“जांबला मावशीकडं चालले होते. अंबडला बस बदलायची होती. समोर तुमी सूत मारलं, शिडीवरून उतरले अन् ब्रश हातात धरून नुसतेच उभे राह्यले. बराच वेळ. मला वाटलं, हा मानूस आता कायतरी मोठं लिहिणार. पन तुमी लिहायच्या आत माझी बस आली.” ती थोडी हसली. “काय लिहिलं होतं हो?”

“आठवत न्हाई,” धम्मपाल म्हणाला.

त्याला आठवत होतं. ते उभं राहणंही आठवत होतं. प्रत्येक कामाआधी तो तसा उभा राहायचा. भिंत आपली, रेघ आपली, अजून कोणाचा मजकूर तिच्यावर चढलेला नाही. एवढीच वेळ त्याची स्वतःची. मुकादम ओरडायचे, पेंटर, झोपला का? त्या वेळेला काही नाव असतं, किंवा ती कोणाला दिसते, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि रस्त्यापलीकडे एका पोरीने ती पाहिली होती, घरी नेली होती, रंगवली होती, आणि मुख्य म्हणजे तिथेच थांबली होती.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो शब्द त्याने अर्ध्या तालुक्याच्या पाट्यांच्या पाठीवर लिहिला होता, पण तो ग्रामपंचायतीच्या वतीने. स्वतःच्या वतीने तो तोंडातून निघेना.

त्याने खिशातून पाकीट काढलं.

“काका, बरं दिसत न्हाई.”

“मला जे जमतं ते मी इकत घेईन का? हे मला जमलं न्हाई. दोनदा बसलो. तू थांबली, माझा हात थांबंना.”

“मंग निम्मे द्या.”

“किंमत कोनी लिहिली?” त्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. “मी लिहिली. पेंटरनं लिहिलेलं खोडायचं न्हाई.”

बद्रीनाथशेठ जवळ आले होते. “पेंटर, काय राव. तुमी घरीच काढलं असतं की दोन तासांत. हलवाई दुसऱ्या हलवायाची जिलेबी इकत घेतो का?”

“घेतो की शेठ,” धम्मपाल म्हणाला. “कोनाचा पाक बराबर उतरलाय ते त्यालाच कळतंय.”

शेठ हसले. मग थोडा वेळ बैलांच्या चित्राकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे बघून निघून गेले.

दैवशालाने टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं. ते पटकन फाटेना. दातांनी फाडावं लागलं. एक टिकली तिने बोटाच्या टोकावर धरली, पण लावली नाही. धम्मपालपुढे केली.

“तुमीच लावा. तुमचं अक्षर आहे.”

त्याने ती किमतीच्या पुढे, ओळीत, पूर्णविरामाच्या जागी लावली.

*

दारावरच्याच कापडात चित्र गुंडाळून तो अंबडच्या बसमध्ये चढला.

“काय हाय ह्याच्यात?” कंडक्टरने विचारलं.

“भिंत.”

“मंग लगेज लागंल,” कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला.

घरी कौसल्येने आधी चित्राकडे पाहिलं, मग अंगणातल्या बंद पडलेल्या मोपेडकडे. “इंजिनाच्या कामाचे पैशे?”

“सायकल हाय की.”

“ह्या वयात.” ती म्हणाली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या त्यांच्या समोरच्या भिंतीवर त्याने खिळा ठोकला. चित्र लावलं. ती खाली बसून बघत राहिली. तांदूळ निवडायला घेतले होते, ते मांडीवर तसेच.

“इथं काय लिहायचं होतं?”

“इसरलो.”

“असू द्या,” ती म्हणाली. “बरं वाटतंय असंच. फक्त तुमी जवळ जाऊ नका ब्रश घेऊन.”

दैवशाला सोमवारी कंपनीत गेली. महिना संपला, तिने खोली सोडली नाही. रंग घेऊन जा म्हणून तिचा निरोप येईल अशी धम्मपालने थोडे दिवस वाट पाहिली. तो आला नाही. एका रविवारी फोन आला.

“काका, तुमच्या भिंतीचा पांढरा एवढा पांढरा कसा असतो? माझा पिवळाच पडून राह्यला.”

“चुन्यात चिमूटभर नीळ टाकतो आमी,” तो म्हणाला. “तुझ्या रंगात निळ्याचं एक टिपूस टाकून बघ.” मग फोन ठेवायच्या आत घाईघाईने म्हणाला, “अन् ऐक. धन्यवाद.”

“कशाचं?” पण त्याने फोन ठेवला होता.

दैवशालाची बस निघून गेल्यावर धम्मपालने त्या दिवशी त्या भिंतीवर लिहिलं होतं: येथे लघवी करू नये.