उसनं नाक

दादा स्वतःला ऱ्हासवादी लेखक म्हणवून घ्यायचा. भरदुपारी जाड पडदे ओढायचे, कोचावर आडवं व्हायचं आणि सडकी फुलं, विषारी अत्तरं, कुजत चाललेलं सौंदर्य यांवर पानंच्या पानं भरायची. इंद्रियांपलीकडे सत्य नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. आता गंमत पाहा, लहानपणच्या तापात या गृहस्थाचं नाक कायमचं गेलेलं. शेजारी दूध करपलं तरी याला पत्ता नाही.

हे फक्त त्याच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. दिवसभर लाँड्रीत लोकांचे घामट कपडे धुऊन ती घरी आली, की हा अत्तराची कुपी पुढे करायचा. "सांग."

ती हुंगून सांगायची, "ओल्या गोणपाटासारखा येतोय." हा लिहायचा, 'मखमलीत निजलेलं पाप'. पाप कसलं डोंबलाचं! पण पाहुण्यांसमोर ती इमानाने सांभाळून घ्यायची. "आज लिली फुललीय वाटतं," असं सहज बोलून जायची, की दादा डोळे मिटून सुरू. सात वर्षं हे चाललं, कारण त्याने शब्द दिला होता: पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझं नाव. तिला ते हवं होतं, फार हवं होतं. तिचं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं.

रविवारी प्रकाशक बाजार उरकून, पहिली प्रत घेऊनच आले. पिशवीतल्या मासळीचा वास पुस्तकाला लागलाय, हे तिला दारातच कळलं. दादा आत केस विंचरत होता, म्हणून प्रत आधी तिच्या हातात पडली. तिने अर्पणपत्रिका उघडली. 'माझ्या अलौकिक नाकास.' खाली काही नाही. मागचं पानही तिने उलटून पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दादा आला, प्रत घेतली आणि सवयीने तिच्याकडे पाहिलं. ती गप्प. मग त्याने पुस्तक नाकाला लावलं. "अहाहा! ताजी शाई, आणि तिच्याआड कोमेजत्या गुलाबाचा शेवटचा श्वास!"

प्रकाशकांचा चेहरा पडला. "साहेब, थट्टा करताय ना? मासळीचं पाणी गळलंय त्यावर. मी माफीच मागणार होतो. खोलीभर वास सुटलाय हो!"

दादा पांढराफटक पडला. "अगं, सांग ना यांना काहीतरी!"

"मी काय सांगू? नाक तुझं, दादा. छापूनसुद्धा आलंय."