बदकांची चादर

आमचे भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आमच्याकडे यावं, जेवायच्या वेळेला ते हमखास सापडतात. आजवर त्यांनी स्वतःचे होते नव्हते ते सगळे धंदे बुडवले आणि त्या अनुभवाच्या जोरावर माझ्या धंद्याचे सल्लागार झाले. नेमलं कोणी? कोणीच नाही.

माझा धंदा कपडे दुरुस्तीचा. नवीन मी शिवत नाही, दुसऱ्यांनी बिघडवलेलं नीट करते. चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं, सुटलेल्या पोटाला पँटीत जागा करून द्यायची. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या दुकानात मान मोडून काम केलं आणि कॉलरींच्या आत दुसऱ्यांच्या नावाची लेबलं टाचली. माझी हौस एवढीच, की एकदा तरी कॉलरीच्या आत माझं लेबल लागावं. हसायचं तर हसा.

कोपऱ्यावरचा गाळा मिळाला तेव्हा मी दुकानाला आईचं नाव द्यायचं ठरवलं, कारण मशीन चालवायला तिनेच शिकवलं. भावजींनी तोंड असं केलं, जणू आमटीत माशी सापडली. आईचं नाव आणखी दहा जणींचं असतं म्हणे, त्याला कायद्याचं संरक्षण मिळायचं नाही. नाव असं हवं की कुठल्याच भाषेत नसावं. मग कोचावर पडून, माझ्याच हातचा चहा पीत, त्यांनी एक शब्द घडवला. पहिल्यांदा उच्चारताना मला ठसका लागला. पण कायद्यातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसते क्वचित, आणि बसते तेव्हा नेमकी नको तिथे.

नावाच्या नोंदणीचा अर्ज तुम्हीच भरा, मला कात्री सोडून हातात काही धरवत नाही, असंही मीच म्हणाले. भावजी खूश झाले. त्यांनी लगेच हुकूम सोडला: नोंदणी हातात पडेपर्यंत नाव कोणापुढे काढायचं नाही. कोणी ऐकलं आणि पळवलं तर? अहो, अर्ज एकदा टाकला की मग कोणी पळवून काय उपयोग, पण ऐकतो कोण. पावत्या कोऱ्या, पिशव्या कोऱ्या. आमच्या ह्यांना तर नाव सांगितलंच नाही, कारण ते झोपेत बोलतात. पाटी मात्र हौसेने रंगवून दारावर ठोकून झाली होती. मग भावजी स्टुलावर चढले आणि माझ्या लेकीच्या लहानपणीची चादर पाटीवर बांधून आले. पिवळी चादर आणि तिच्यावर निळी बदकं.

गिऱ्हाइकं विचारायची, दुकानाचं नाव काय? मी म्हणायची, सांगता येत नाही. काहींना वाटलं आत भलतंच काही चालतं, ती दोनदा डोकावून गेली. पण टीप सरळ असली की लोक बाकीचं माफ करतात. बँकेतल्या एक बाई कोटाचं अस्तर बदलून घेऊन गेल्या आणि त्यांनी अख्ख्या बँकेला सांगितलं, कोपऱ्यावरच्या बदकांकडे टाका. बघता बघता मी बदकवाली झाले. रस्त्यात लोक ओळखायला लागले. भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

शेवटी नोंदणी झाली. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, स्टुलावर चढले आणि त्यांनी चादर खाली ओढली. आम्ही दोघं नवरा-बायको टाळ्या वाजवायला उभे. मी म्हटलं, आता या नावाची लेबलं विणून घेते. भावजी स्टुलावरूनच म्हणाले,

"घ्या की वहिनी. मालक म्हणून माझं नाव लावलंय, पण तुम्हाला माझी परवानगी आहे."

मी विचारलं, परवानगी कसली? तर म्हणे कायद्याच्या दृष्टीने सोपं पडतं, आणि पुढेमागे शाखा निघाल्या तर घरातला पुरुष माणूस बरा. नवऱ्याकडे पाहिलं तर ते पाटीकडे बघत होते. घरातलंच आहे ना, एवढं पुटपुटले. बोटं माझी, डोळे माझे, पाठ माझी मोडली, आणि आयत्या बिळावर हा नागोबा. पुन्हा दुसऱ्याच्या नावाचंच लेबल टाचायचं होतं तर मी गाळा घेतला कशाला?

त्या आठवड्यात मशीन जवळजवळ बंदच होतं. लोक दारावरून जायचे, वर पाहायचे, तो शब्द वाचायचा प्रयत्न सोडून द्यायचे आणि पुढे निघायचे. बँकेतल्या बाईंनी तर मलाच दारात विचारलं, अहो, इथलं बदकांचं दुकान कुठे गेलं?

मी त्यांना आत बसवलं, चादर काढली, झटकली आणि पाटीवर पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून नोंदणीच्या ऑफिसात गेले, एकटी. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. म्हटलं, बदकवाली. त्याने शोधून पाहिलं, कपड्यांच्या धंद्यात ते कोणी घेतलेलं नव्हतं. मालक कोण, म्हणाला. असा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट, दोनदा. तो बिचारा खाली बघून लिहीत राहिला.

आता माझी लेबलं आहेत, पिवळ्यावर निळं बदक. पाटीही नवी आहे.

परवा भावजी पँट सैल करून घ्यायला आले. मी टाके उसवत होते आणि ते इकडचं तिकडचं बोलत होते. मग हळूच मुद्द्यावर आले. नाव बरीच वर्षं वापरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते म्हणे. निदान एखाद्या पिशवीवर तरी छापता का, वहिनी?

"कोणी चोरलं तर नाही ना, भावजी?" मी विचारलं.

नाही, म्हणाले, कोणीच नाही.

"मग झालं तर. सांभाळून ठेवा."

ते नाव मी तुम्हालाही सांगत नाही, उगाच कायद्यात अडकायला नको. भावजींना पँट घडी घालून दिली. कमरपट्टीच्या आत, जिथे पोट टेकतं तिथे, मी बदक टाचलं होतं.